अर्पणाचा हिशेब : गंगामूळ, लोणावळा, केडगाव

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात ‘दान’ या शब्दापेक्षा ‘अर्पण’ हा शब्द अधिक रुळलेला आहे, आणि या निवडीमागे एक निश्चित धर्मविचार आहे. दानाच्या व्यवहारात देणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष असतात. अर्पणात मात्र देणारा प्रथम देवापुढे उभा राहतो आणि दिलेली वस्तू देवाच्या हातून गरजवंताकडे जाते, असे मानले जाते. रविवारच्या उपासनेत फिरवली जाणारी अर्पणाची पिशवी, उत्पन्नाचा दहावा हिस्सा बाजूला काढण्याची म्हणजे दशमांशाची रीत, आणि पीक घरात आल्यावर धान्य, फळे, भाज्या, प्रसंगी कोंबड्याही मंदिरात आणून त्यांचा लिलाव करण्याचा कापणीचा सण, या सगळ्यांच्या मुळाशी हीच धारणा आहे. येशूने मंदिरातील दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठे ठरवले, कारण श्रीमंतांनी उरलेल्यातून दिले आणि तिने निर्वाहातून दिले. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना मासेदोनियातील गरीब मंडळ्यांची वाखाणणी केली, ती त्यांनी पैशाच्या आधी स्वतःलाच देवाला वाहिले म्हणून. ख्रिस्ती औदार्याचे मोजमाप त्यामुळे रकमेवर न होता देणाऱ्याच्या भक्तीवर होते.

भक्तीतून निघालेल्या अशा देण्याला एक अवघड प्रश्न मात्र नेहमीच चिकटलेला असतो. देणारा देवाकडे पाहून देतो तेव्हा त्या देण्याची किंमत प्रत्यक्षात कोण मोजतो, आणि घेणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरते? या प्रश्नाचा मागोवा घेण्यास पुणे जिल्ह्याइतकी सोयीची भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीला टेकलेले मुळशी आणि मावळ हे पावसाचे आणि भातखाचरांचे तालुके आहेत. मावळातील लोणावळा घाटमाथ्यावर आहे. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि दौंड तालुक्यातील केडगावपर्यंत पोहोचल्यावर अवर्षणाचा मुलूख सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाई यांच्या आयुष्यातील अर्पणाची कल्पना याच पट्ट्यात, लोणावळ्याच्या झाडीपासून केडगावच्या माळापर्यंत, आकाराला आली. तिची सुरुवात मात्र याहून बरीच आधी आणि दूर, कर्नाटकातील एका अरण्यात झाली होती.

पुराणिकाच्या घरचे दान

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान होते आणि स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा संकेत मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले होते. त्याला झालेल्या विरोधामुळे अरण्यात येऊन राहिलेल्या अनंतशास्त्रींनी तेथे विद्यार्थी ठेवले, आणि तीर्थस्थान म्हणून त्या जागी येणाऱ्या यात्रेकरूंचा पाहुणचारही आरंभला. अतिथीला विन्मुख पाठवू नये या धर्माज्ञेचे पालन त्यांनी इतक्या निष्ठेने केले की होते नव्हते ते संपले, कर्ज झाले आणि अखेर घर सोडावे लागले. त्या वेळी रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या होत्या आणि त्यांना वेताच्या पाटीत घालून नेण्यात आले.

त्यानंतरची सुमारे सोळा वर्षे हे कुटुंब पुराणिक म्हणून तीर्थोतीर्थी फिरत राहिले. पुराणिक म्हणजे मंदिरात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराणांचे वाचन करणारा. ऐकणारे त्याच्यापुढे पैसे, फुले, फळे, धान्य ठेवीत आणि त्यावर त्याचा चरितार्थ चाले. अनंतशास्त्रींच्या घरी अशी दक्षिणा येई, पण ती टिकत नसे, कारण पुण्यप्राप्तीसाठी आणि देवाची कृपा व्हावी म्हणून ब्राह्मणांना दाने देणे, व्रते आणि उपासतापास करणे यांत ती खर्ची पडे. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाजवळ देण्यासारखे काही उरले नव्हते आणि शारीरिक कष्टाचे कोणतेही काम कोणालाही येत नव्हते. भीक मागणे अभिमानाला सोसणारे नव्हते. आधी वडील, मग आई आणि त्यामागून थोरली बहीण, असे तिघे उपासमारीने आणि आजाराने गेले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच वाचले.

पुढे ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी या अनुभवाकडे मागे वळून पाहिले तेव्हा त्यांनी आईवडिलांच्या श्रद्धेचा उपहास केला नाही. आपली साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले याचे जाहीर निवेदन, त्यांनी १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली आणि त्यात या दारिद्र्याचे वर्णन विस्ताराने केले. त्या वर्णनातून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की देवासाठी सर्वस्व देणे ही कल्पना रमाबाईंना मिशनऱ्यांकडून मिळालेली नव्हती. ती त्यांनी घरातच पाहिली होती. दुसरी अशी की केवळ दात्याच्या पुण्यावर डोळा असलेले दान घर कसे उजाड करते आणि त्याची किंमत बायकामुलांना कशी मोजावी लागते, हेही त्यांनी लहान वयातच भोगले होते.

बॉस्टनची वर्गणी आणि तिच्या अटी

कलकत्त्यात १८७८ साली पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी झालेला गौरव, बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, दोन वर्षांच्या आत आलेले वैधव्य, १८८२ साली पुण्यात स्थापन केलेला आर्य महिला समाज आणि १८८३ साली केलेला इंग्लंडचा प्रवास हा रमाबाईंच्या चरित्राचा भाग सुपरिचित आहे. इंग्लंडमधील वाँटेज येथे त्या अँग्लिकन पंथाच्या भगिनीसंघाकडे राहिल्या. या भगिनी अविवाहित राहून सेवेचे व्रत घेतलेल्या स्त्रिया होत्या आणि समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी त्या चालवीत असलेले काम पाहून रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम झाला, कारण तेथे देवभक्तीचा ओघ पतितांकडे वळलेला त्यांना प्रथमच दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आपल्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली अमेरिकेत गेलेल्या रमाबाईंनी पुढची दोनअडीच वर्षे व्याख्याने देत घालवली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ साली इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या मंडळाची रचना आधुनिक अर्थाने चोख होती : गावोगावी रमाबाई मंडळे निघाली, सभासदांनी दहा वर्षे वार्षिक वर्गणी देण्याचे वचन दिले, विश्वस्त आणि कार्यकारी समिती नेमली गेली, आणि हिंदुस्थानात स्थापन होणारी विधवांची शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. १८९० साली सदन पुण्यास आले. काशिनाथ त्रिंबक तेलंग, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांचे साहाय्य सल्लागार म्हणून या संस्थेस लाभले.

वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेत चालकाचा विश्वास आणि दात्यांचा विश्वास यांत अंतर पडले की ते हिशेबाच्या वहीत न दिसता कारभारात दिसते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा असला तरी ख्रिस्तावरील व्यक्तिगत श्रद्धेचा खरा अनुभव आपल्याला १८९१ च्या सुमारास आला, असे त्या स्वतः सांगत. तोपर्यंत धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी त्यांची भूमिका होती. या बदलानंतर त्यांच्या खोलीत होणाऱ्या प्रार्थनेस काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कोणाला बोलावले नाही, पण दारही लावून घेतले नाही. पुण्यात यावरून गहजब झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना आपापले न्याय्य म्हणणे होते. तटस्थतेचे आश्वासन जाहीरपणे दिलेले होते आणि विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांना ते पाळले जाण्याची अपेक्षा करण्याचा अधिकार होता. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून केलेली प्रार्थना सोडणे म्हणजे दात्यांच्या वर्गणीसाठी देवाशी प्रतारणा करणे होते. मनुष्यांना द्यावयाचा हिशेब आणि देवाला द्यावयाचा हिशेब या दोन गोष्टी एकाच वहीत बसत नाहीत, हे या प्रसंगाने स्पष्ट केले.

लोणावळ्याची प्रार्थना

मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार होती. त्यापुढचा खर्च भागावा म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावण्याचे योजले होते. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील हे ठिकाण पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर होते आणि बागेच्या उत्पन्नावर शाळा स्वावलंबी व्हावी असा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. याच काळात जॉर्ज म्युलर, चीनमधील मिशनरी हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरील जॉन पेटन यांची चरित्रे त्यांच्या वाचनात आली. म्युलर यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुलांचे संगोपन वर्गणीदार न जमवता आणि कोणाकडे प्रत्यक्ष मागणी न करता, केवळ प्रार्थनेच्या आधारावर केले होते. असे काम हिंदुस्थानात का होऊ नये, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घोळू लागला.

एप्रिल १८९६ मध्ये लोणावळ्यास कॅम्प मीटिंग भरली. कॅम्प मीटिंग म्हणजे शहरापासून दूर तंबू ठोकून काही दिवस चालवलेल्या प्रार्थना आणि प्रवचनांच्या सभा. रमाबाई आपल्याबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली घेऊन आल्या होत्या. एका पहाटे झाडीत एकट्याच जाऊन त्यांनी या पंधरांची संख्या पुढच्या सभेपर्यंत पंधरा पटीने वाढावी, म्हणजे दोनशे पंचवीस व्हावी, अशी प्रार्थना केली. त्या वेळी सदनात तितक्या मुली नव्हत्या आणि जागाही नव्हती. व्यवहाराच्या कोणत्याही गणितात ही मागणी बसणारी नव्हती.

त्याच वर्षी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. उपासमारीत आईवडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाईंना त्या बातम्या नुसत्या वाचून स्वस्थ बसणे शक्य नव्हते. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि तेथील निवारागृहांची दैना, तसेच निराधार मुलींना पळवण्यासाठी टपलेली माणसे त्यांनी पाहिली. इतक्या मुलींसाठी पैसा नाही, हे माहीत असूनही त्यांनी त्या आणण्यास आरंभ केला. सुमारे तीनशे मुली त्यांनी ठेवून घेतल्या आणि बाकीच्यांना इतर मिशनांकडे पोहोचवले. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाल्यामुळे या मुलींना शहरात ठेवता येईना, तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन अशा रीतीने आसऱ्यासाठी खर्ची पडली. पुढच्या सभेपर्यंत मागितलेली संख्या पूर्ण झाल्याचे रमाबाईंनी कृतज्ञतेने नोंदवले.

घेणाऱ्यांचे देणे

केडगावच्या या वसाहतीला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले आणि १८९८ मध्ये तिला स्थिर रूप आले. त्या वर्षी रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, जुन्या मंडळाची अमेरिकन रमाबाई असोसिएशन या नावाने पुनर्रचना झाली, आणि त्यांच्या अनुपस्थितीत मिनी अब्राम्स या मेथडिस्ट मिशनरी बाईंनी मुक्तीची जबाबदारी उचलली. शारदा सदनाच्या उलट मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिचा मुख्य आधार ठरावीक वर्गणीचा नव्हता. गुजरात, काठेवाड आणि राजपुतान्यात १९०० च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा मुक्तीतील कार्यकर्त्या तिकडे गेल्या, आणि हजाराहून अधिक नव्या मुली आल्यामुळे एकूण संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

केवळ प्रार्थनेवर चालणारी संस्था या वर्णनाला थोडी मुरड घालणे आवश्यक आहे. मुक्तीची वृत्तपत्रिका इंग्रजीत निघत असे, ती परदेशी मित्रांकडे जाई आणि तीत गरजा व उत्तरे यांची माहिती असे. म्हणजे देवापुढे केलेली मागणी माणसांच्याही कानावर पडत होती. फरक पडला तो बंधनाच्या स्वरूपात : वर्गणीदाराला अट घालता येत असे, अर्पण करणाऱ्याला ती घालता येत नव्हती, आणि पैसा आधी जमवून मग मुली घ्यायच्या हा क्रम उलटा होऊन मुली आधी आणि पैसा नंतर असा झाला होता. असा क्रम धोक्याचा असतो, आणि गंगामुळच्या पाहुणचारातही नेमका तोच होता.

गंगामूळ आणि केडगाव यांतील खरा भेद श्रद्धेच्या तीव्रतेत शोधून सापडत नाही. तो श्रमाच्या स्थानात आहे. हातांना काम येत नसल्यामुळे आपले घर बुडाले, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. म्हणून मुक्तीत अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, शिवण, स्वयंपाक, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग सुरू झाले आणि पाण्यासाठी विहिरी खणल्या गेल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तीमी सदन अशा शाखा निघाल्या. बार्तीमय हा येशूने दृष्टी दिलेला आंधळा भिकारी, त्याच्यावरून हे नाव आले. मनोरमाबाईंनी परदेशात ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचायला शिकवले. दुष्काळात उचलून आणलेल्या मुली काही वर्षांत शिक्षिका, परिचारिका, अक्षरजुळणी करणाऱ्या आणि धाकट्यांना सांभाळणाऱ्या झाल्या. १९०५ साली मुक्तीत झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनानंतर त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्तेसाठी जाऊ लागल्या. घेणारी बाजू अशा रीतीने देणारी बनली.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. उपाशी मूल ज्याच्या हातून घास घेते त्याचा धर्म स्वीकारते तेव्हा त्या स्वीकारात स्वातंत्र्य किती, हा प्रश्न समकालीन टीकाकारांनी विचारला आणि तो गैरलागू म्हणता येत नाही. रमाबाईंचे उत्तर असे की आपल्याला जे सर्वांत मोलाचे मिळाले ते लपवून फक्त भाकर देणे, हे प्रेमाला शोभणारे नाही. भक्तीतून केलेले औदार्य पूर्ण तटस्थ क्वचितच असते. त्याचे बळ आणि त्याविषयीचा संशय यांचा उगम एकच असतो.

घरातल्यांनी मोजलेली किंमत

हाच प्रश्न त्या काळातील दुसऱ्या एका मराठी ख्रिस्ती घरात वेगळ्या रूपाने दिसतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. पैसा हाती आला की तो गरजवंताला देऊन मोकळे होणे आणि निराधार मुलांना घरी आणणे, हा त्यांचा स्वभाव होता. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्ताच्या शिष्यांचे एक मंडळ काढले, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही स्थान होते. परक्या पैशावर जगणारे ख्रिस्तीत्व या भूमीत मूळ धरणार नाही, ही त्यामागची त्यांची खात्री होती. १९१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

टिळकांच्या औदार्याची दुसरी कहाणी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. पतीने उधळलेल्या पैशाची तोंडमिळवणी घरात कशी होते, हे त्यांनी विनोदाची फोडणी देऊन सांगितले आहे, पण त्या विनोदाखाली गंगामुळच्या लक्ष्मीबाईंचेच दुःख आहे. दोघींच्या पतींनी देवासाठी दिले आणि दोघींनी ते चुलीपाशी भरून काढले. रमाबाई स्वतः दात्या असल्यामुळे त्यांच्या बाबतीत देणे आणि सोसणे एकाच व्यक्तीत एकवटले होते. साधे पांढरे वस्त्र, शाकाहार आणि अखंड काम अशी त्यांची राहणी होती, तरी मनोरमाबाईंचे सारे तारुण्य त्या संस्थेतच वेचले गेले.

मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारल्या आणि त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही देह ठेवला. अखेरची अनेक वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली होती. आधीच्या भाषांतरांतील संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील बाईला कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मुक्तीच्या छापखान्यात मुलींच्या हातांनी जुळवलेले ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ग्रंथरूपाने पूर्ण प्रसिद्ध झाले. अनंतशास्त्री आयुष्यभर घाटावर बसून बहुतेक श्रोत्यांना न समजणाऱ्या भाषेत पोथी वाचीत आणि पुढे आलेली दक्षिणा पुण्यासाठी वाटून टाकीत. त्यांच्या मुलीने दुसऱ्या एका ग्रंथाची पोथी केली, ती ऐकणारीला पुराणिकाची गरज पडू नये म्हणून.